भोकं असलेल्या डिस्कने गाडी लवकर थांबते का?

भोकं पाडलेली किंवा खाचा असलेली ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) बसवली की गाडी लवकर थांबते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. रोजच्या गाडीसाठी तो खरा नाही.

भोकांचं मूळ जुन्या ब्रेक पॅडमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या तुकड्यांमध्ये आहे. ते फार तापले की वायू सुटायचा, पॅड आणि डिस्कमध्ये अडकायचा आणि पकड कमी व्हायची. भोकांतून तो निघून जाई. आताच्या पॅडमधून असा वायू फारच कमी सुटतो.

राहिला भोकांमुळे डिस्क लवकर थंड होते हा मुद्दा. ब्रेक दाबला की गाडीच्या वेगाची ऊर्जा उष्णता होऊन आधी डिस्कच्या लोखंडात शिरते. भोकं पाडली म्हणजे तेच लोखंड कमी केलं! हवा खेळते ती मुख्यतः डिस्कच्या आतल्या पोकळीतून, आणि ती पोकळी भोकं नसलेल्या साध्या व्हेंटिलेटेड (आतून पोकळ) डिस्कलाही असते. शिवाय सारखं तापून-निवून भोकांच्या कडेला केसासारख्या चिरा पडतात. डिस्क गार असताना तिथे नख फिरवून बघा. चिरेत अडकलं तर डिस्क बदलाच.

खाचांचं थोडं वेगळं. पॅडवरचा गुळगुळीत झालेला थर त्या खरवडतात, म्हणून रेसच्या ट्रॅकवर कामाच्या. एरवी पॅड लवकर झिजतात, आवाजही येतो. पावसात भोकांमुळे पाणी चटकन हटतं, हे मात्र खरं. मोटारसायकलच्या डिस्कला भोकं असण्यामागे वजनाबरोबर हेही कारण आहे.

पण जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, कमी पडतेय ती टायरची पकड. पैसे आधी चांगल्या टायरवर घाला, मग दर्जेदार पॅडवर.