नेमोसिनी (अल्बम)

नेमोसिनी हा इंग्लंडच्या हिलियर्ड एन्सेम्बल या चार पुरुष गायकांच्या ग्रुपचा आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याचा दोन सीडींचा अल्बम (गार्बारेक म्हणजे झाकीर हुसेन यांच्या 1987 च्या 'मेकिंग म्युझिक'मध्ये वाजवणारा तोच). रेकॉर्डिंग 1998 मध्ये ऑस्ट्रियातल्या सेंट गेरोल्ड मठात झालं, ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने 1999 मध्ये तो काढला, निर्माता मानफ्रेड आयखर. नेमोसिनी ही ग्रीकांची स्मृतीची देवता. याच मंडळींचा आधीचा अल्बम 'ऑफिशियम' (1994) दहा लाखांवर खपला होता, त्यात युरोपातल्या मध्ययुगाचं आणि रेनेसान्सचंच संगीत होतं. इथे मात्र प्राचीन ग्रीसपासून हिल्डेगार्ड, द्युफाय, ब्रुमेल, बिलिंग्ज हे जुने संगीतकार आणि विसाव्या शतकातला एस्टोनियन संगीतकार वेल्यो टॉर्मिस इथपर्यंत मजल आहे.

यातली सर्वात जुनी रचना म्हणजे अपोलो या ग्रीक देवाचं, त्याच्या डेल्फी या प्राचीन तीर्थक्षेत्रातलं स्तोत्र. डेल्फीत अथेन्सवाल्यांच्या कोषागाराच्या दगडांवर कोरलेली दोन स्तोत्रं फ्रेंच पुरातत्त्ववाल्यांना 1893 मध्ये सापडली, शब्दांच्या वर सुरांची अक्षरं आहेत आणि ताल पाच मात्रांचा आहे. कर्त्याबद्दल वाद आहे. पहिल्या स्तोत्राच्या मथळ्यातला तुटका शब्द पूर्वी 'अथेन्सचा माणूस' असा वाचायचे आणि नाव हरवलं असं धरायचे, पण प्राचीन ग्रीक संगीताच्या अभ्यासक आनी बेलिस यांच्या मते आथेनायोस हे नावच आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या कर्त्याचं नाव लिमेनिओस असं दिलेलंच आहे, मग पहिल्याचं का देणार नाहीत, म्हणून बेलिस यांचं म्हणणं जास्त पटतं. काळ जुन्या पुस्तकांत इ.स.पू. 138 च्या आसपास दिलेला दिसतो, आता साधारण 128 धरतात.

दगड फुटलेला असल्यामुळे सूर मधेमधे गायब आहेत, आणि या अल्बमची खरी गोष्ट इथेच आहे. यातल्या बऱ्याच रचना अशाच अर्धवट उरलेल्या, कुठे एकच ओळ, कुठे नुसती चाल, त्यामुळे ऑफिशियममध्ये सॅक्सोफोन पूर्ण रचनेवर चढायचा तसा इथे चढत नाही, गायकसुद्धा त्याच्याबरोबर जागच्या जागी सुचेल ते गातात. लहानशी बंदिश घेऊन तासभर गाणं ऐकलेल्या आपल्या कानाला हे लगेच कळतं. म्हणूनच ऑफिशियम जास्त खपला तरी ऐकायला हाच मोठा वाटतो.

हिलियर्ड एन्सेम्बल 1974 मध्ये सुरू झालं, 2014 च्या डिसेंबरात थांबलं.