बसली म्हणजे जुळली असं नाही : कार्ट्रिज आणि टोनआर्मच्या बेबनावाची पार्श्वभूमी

जुना टर्नटेबल हौसेने घ्यावा, त्याच्या टोनआर्मवर, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्यावर, चांगली कार्ट्रिज (पिन धरणारी आणि तिच्या हालचालीचा विद्युत संकेत करणारी डबी) चढवावी आणि पहिल्याच रेकॉर्डवर पिन उड्या मारू लागावी, हा अनुभव अनेकांचा आहे. मग कुणी पिन बदलतो, कुणी आर्मवर नाणं ठेवतो. पुष्कळदा पिनही धड असते आणि आर्मही. दोघांचं एकमेकांशी जमत नसतं, आणि त्याचं मूळ साठ-सत्तर वर्षं मागे जातं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांना ही अडचण नव्हती. ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन आणि पडदा धरणारी डबी, शंभर ग्रॅमच्या आसपासचा भार घेऊन खाचेत बसायचा. लाखेत दगडाची भुकटी असे, ती पोलादी पिनेला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणून दर बाजूला नवी पिन. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून आलेल्या तबकड्यांवरची नाट्यपदं आपल्या घरांत अशीच वाजली.

१९४८ साली कोलंबियाने अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी विनाइलची रेकॉर्ड, आणली. विनाइल मऊ, खाच बारीक. पिनेच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉनवरून २५ वर आली. दहा वर्षांनी स्टिरिओ आला, तेव्हा खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरले जाऊ लागले आणि पिनेला आडव्याबरोबर वर-खालीही हलावं लागलं. भार कमी करणं भागच होतं. शुअर कंपनीची १९६४ची व्ही-१५ ही कार्ट्रिज आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या एक-दीड ग्रॅमवर, त्याहूनही कमी भारावर चालत. त्यासाठी पिनेची दांडी फार मऊ रबरात धरलेली असे. त्याच काळात दुसरं घराणंही होतं: डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनची एसपीयू, आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली डेनॉनची डीएल-१०३. यांची दांडी ताठ, आणि डीएल-१०३ला भार अडीच ग्रॅम.

आर्म आणि कार्ट्रिज मिळून स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखे डोलतात. हे डोलणं सेकंदाला ८ ते १२ वेळा असावं. त्याखाली वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे असतात, २० च्या वर संगीत सुरू होतं. दोन्हींपासून दूर राहायला मधली एवढीच जागा. हिशेब सोपा आहे: आर्मचं प्रभावी वस्तुमान (पिनेच्या टोकाशी जाणवणारं) आणि कार्ट्रिजचं वजन मिळून एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये, त्याला लवचिकतेच्या, म्हणजे पिनेची दांडी किती सहज हलते याच्या आकड्याने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. ३० लवचिकतेची ६ ग्रॅमची कार्ट्रिज २० ग्रॅम प्रभावी वस्तुमानाच्या आर्मवर बसवली, तर उत्तर येतं सेकंदाला ५.७ वेळा. रेकॉर्ड जरा वाकडी असली की पिन उडालीच.

ही चूक इतकी सर्रास होण्याचं कारण मला एका सोयीत दिसतं. इंग्लंडच्या एसएमईने १९५९च्या सुमारास आणलेल्या आर्मला काढता-घालता येणारं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज धरणारं टोक, होतं. त्याचा खटका जपानी कंपन्यांनीही उचलला आणि जवळपास सगळ्यांचा झाला. कुठलीही कार्ट्रिज कुठल्याही आर्मवर बसू लागली. सत्तरच्या दशकात मऊ कार्ट्रिजसाठी आर्म हलके होत गेले. एसएमईचा तिसऱ्या मालिकेतला आर्म पाच ग्रॅमच्या आसपास आला. पुढे ताठ मूव्हिंग कॉइल (पिनेबरोबर तारेची गुंडाळी हलते अशा) कार्ट्रिजची आवड वाढली, आणि अशा हलक्या आर्मवर डीएल-१०३सारखी कार्ट्रिज लावली की डोलणं संगीताकडे सरकतं. आज जुन्या बाजारात या सगळ्या दशकांचं सामान शेजारी-शेजारी मिळतं.

आकड्यांतही एक खड्डा आहे. जपानी कंपन्या लवचिकता बहुधा १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांवर, मोजतात. आपल्या हिशेबाला १० हर्ट्झचा आकडा लागतो, तो साधारण दीड ते दोन पट निघतो. तो न पाहता लोक चांगली कार्ट्रिज नाकारतात, याचं वाईट वाटतं.

म्हणून आधी नीट पाहावं. वाकलेल्या जागी कार्ट्रिज खाली-वर मान डोलवत असेल तर दोष जोडीचा. फक्त 'स', 'श' फाटत असतील आणि तेही रेकॉर्डच्या शेवटाकडे, तर जोडीला बोल लावू नये. तिथे खाच पिनेखालून सुरुवातीच्या निम्म्याहून कमी वेगाने सरकते, त्यामुळे झिजलेलं टोक, कार्ट्रिजचा चुकलेला कोन किंवा अपुरा भार लगेच उघडा पडतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. सैल पिन भिंतीवरून सुटून पुन्हा आदळते, आणि तो ओरखडा कायमचा राहतो. कंपनीने दिलेल्या मर्यादेतला वरचा भार त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.