मनगटाला साजेसे घड्याळ: लहान-मोठ्या मापांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

घड्याळ पाहायला येणारे बरेच ग्राहक आल्या आल्या मिलिमीटरमधला एक आकडा सांगतात. कुणाला ‘४२ चेच’ हवे असते, तर कुणी ‘३८ च्या वर नको’ असे ठरवूनच आलेले असते. हा आकडा कुठेतरी वाचलेला असतो, मित्राने सांगितलेला असतो किंवा आधीच्या घड्याळाच्या खोक्यावर पाहिलेला असतो. घड्याळ प्रत्यक्ष मनगटावर चढले की मात्र पुष्कळदा मत बदलते. ४२ मागणारे गृहस्थ ३९ चे घेऊन जातात आणि ‘मला मोठे शोभतच नाही’ म्हणणाऱ्या ताईंना ४१ चे असे बसते की त्या ते काढतच नाहीत. हे इतक्या वेळा पाहिले आहे की शेवटी सगळे एकदा नीट लिहून काढायचे ठरवले. घड्याळ दिवसभर अंगावर असते. ते घेताना केवळ एका आकड्यावर विसंबू नका, असे आम्हाला मनापासून सांगायचे आहे.

खोक्यावरचा आकडा कशाचा असतो?

गोल घड्याळावर ‘४० मिमी’ लिहिलेले असते तो केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या घराचा व्यास. त्यात चावी धरलेली नसते. तबकडीचे माप वेगळे असते आणि ते सहसा कुणी सांगत नाही. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या (डायव्हर) धाटणीच्या घड्याळात काचेभोवती फिरते जाड कडे असते. तिथे ४० च्या केसमध्ये तबकडी तिशीच्या आसपासच उरते. उलट, कडे अगदी बारीक असलेल्या साध्या घड्याळात ३७ च्या केसमध्येही तबकडी भरगच्च दिसते. म्हणून दोन वेगळ्या धाटणीच्या घड्याळांची तुलना व्यासावरून केली की हमखास फसगत होते.

मनगटावर घड्याळ कसे बसेल हे मुख्यतः ठरते दुसऱ्याच एका मापावरून. पट्टा अडकवण्यासाठी केसला वर दोन आणि खाली दोन कान असतात. बाराच्या बाजूच्या कानाच्या टोकापासून सहाच्या बाजूच्या कानाच्या टोकापर्यंत जे अंतर भरते, त्याला या धंद्यात ‘लग टू लग’ म्हणतात. घड्याळ मनगटावर किती जागा व्यापते ते यावरून कळते. सीकोचे एसकेएक्स००७ हे पुष्कळांच्या ओळखीचे घड्याळ घ्या. त्याचा व्यास ४२.५ मिमी आहे, पण कान आखूड आणि खाली वळलेले असल्याने ही लांबी जेमतेम ४६ मिमी भरते. त्यामुळे बारीक मनगटावरही ते आब राखून बसते. याउलट ४० मिमीची कितीतरी घड्याळे लांब, सरळ कानांमुळे ४८ मिमी किंवा त्याहून जास्त जागा अडवतात. कागदावर लहान असलेले घड्याळ हातावर मोठे होते ते असे.

स्वतःचे मनगट मोजा

मनगटाचा घेर बहुतेकांना ठाऊक असतो किंवा दोरा गुंडाळून तो लगेच मोजता येतो. पट्ट्याच्या लांबीसाठी तो उपयोगी आहे, पण घड्याळाच्या मापासाठी पुरेसा नाही. दोघांचा घेर १६ सेंटिमीटर असला तरी एकाचे मनगट गोलसर आणि दुसऱ्याचे चपटे असू शकते. गोलसर मनगटाची वरची रुंदी ५० मिमी भरेल, तर चपट्याची ५६. या सहा मिलिमीटरमुळे एकच घड्याळ एकाला शोभते आणि दुसऱ्याच्या हातावर उपरे वाटते.

तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि जिथे घड्याळ बांधता तिथे फुलपट्टी आडवी धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी मोजा. घड्याळाची लग टू लग लांबी यापेक्षा चार-पाच मिलिमीटर तरी कमी असावी. ती रुंदीइतकी किंवा जास्त झाली तर कान मनगटाबाहेर डोकावतात, पट्टा हाताला धरून न वळता सरळ खाली पडतो आणि दोन्ही बाजूंना फट दिसते. अशी फट दिसली तर घड्याळ कितीही आवडलेले असो, ते त्या हाताचे नाही. आम्ही ते तोंडावर सांगतो, आणि त्यासाठी विक्री हुकली तरी चालेल.

जाडीकडेही लक्ष हवे. आठ-नऊ मिलिमीटरचे घड्याळ शर्टाच्या कफखाली सहज सरकते, तर तेरा-चौदाचे अडते आणि दाराच्या चौकटीवर आपटते. आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात यंत्राच्या वर फिरणारे वजन असते, त्यामुळे बॅटरीवरच्या घड्याळापेक्षा ते सहसा जाड भरते. व्यास लहान आणि उंची जास्त असली तर घड्याळ डबीसारखे दिसते आणि पट्टा जरासा सैल राहिला तरी एका बाजूला कलंडते. फक्त लहान आकड्याच्या मागे लागणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

चार मिलिमीटरने असा काय फरक पडतो?

पडतो. ३६ आणि ४० मध्ये अंतर चारच मिलिमीटरचे, पण डोळ्यांना दिसते ते क्षेत्रफळ. ते जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढते. त्यातून तबकडी पांढरी असेल तर घड्याळ आणखी मोठे भासते आणि काळी असेल तर आटोपशीर. चौकोनी घड्याळ त्याच आकड्याच्या गोल घड्याळापेक्षा बरेच मोठे दिसते, कारण कोपऱ्यांची जागा भरलेली असते. ३६ ची सवय असलेल्यांनी चौकोनी घेताना ३० च्या आसपासपासून पाहायला सुरुवात करावी.

मोठ्या घड्याळांच्या बाबतीत जाता जाता एक खूण सांगतो. तारखेची खिडकी तबकडीच्या कडेपासून फार आत, मध्याच्या दिशेने सरकलेली दिसली, तर बहुधा लहान यंत्र मोठ्या केसमध्ये बसवलेले असते. घड्याळ त्यामुळे वाईट ठरत नाही, पण एकदा नजरेला खुपले की रोज खुपते. म्हणून घेण्याआधीच पाहून घ्या.

‘हे लेडीज वाटेल का?’

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पुरुषांचे घड्याळ म्हणजे किती मिलिमीटर, हे कुठल्याही काळात कायमचे ठरलेले नव्हते. पाटेक फिलिपचे कालात्रावा १९३२ मध्ये आले ते सुमारे ३१ मिमीचे होते, आणि ते पुरुषांसाठीच होते. रोलेक्सचे डेटजस्ट १९४५ मध्ये ३६ मिमीचे निघाले आणि तेव्हाच्या मानाने ते चांगले ऐसपैस होते. ऑदेमार पिगेचे रॉयल ओक १९७२ मध्ये ३९ मिमीचे आले तर लोकांनी त्याचे नाव ‘जम्बो’ पाडले. आज ३९ चे घड्याळ मागितले तर आम्ही मधल्या मापांच्या खणातून काढून देतो.

मोठी घड्याळे तेव्हाही होती, पण ती कामाची अवजारे होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांतल्या दिशादर्शकांसाठी बनलेली घड्याळे ५५ मिमीची असत आणि लांब पट्ट्याने जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधली जात. इटलीच्या नौदलात पाण्याखाली बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी पानेराईने केलेली ४७ मिमीची घड्याळे गढूळ पाण्यात वेळ दिसावी म्हणून तेवढी होती. ही अवजारे पुढे हौसेने रोजच्या वापरात आली. १९९३ मध्ये ४२ मिमीचे रॉयल ओक ऑफशोर आले, तेव्हा ते फारच दांडगे वाटले होते, आणि पुढच्या काळात तेच माप सर्रास झाले. आता वारे पुन्हा फिरले आहे. रोलेक्सने एक्सप्लोरर २०१० मध्ये ३६ वरून ३९ वर नेले आणि २०२१ मध्ये परत ३६ वर आणले. ट्यूडरचे ब्लॅक बे ४१ मिमीचे होते. २०१८ मध्ये ३९ चे आणि २०२३ मध्ये ३७ चे त्याच घराण्यात आले.

म्हणजे ज्या मापाला आज कुणी ‘बायकी’ म्हणेल, ते एकेकाळी सरसकट पुरुषांच्या हातावर होते. बायकांनाही हेच लागू आहे. अठ्ठावीसच्या आतलेच घड्याळ घ्यावे असा काही दंडक नाही. रुंद, चपट्या मनगटाच्या बाईला ४० चे घड्याळ हवे असेल तर तिने बेधडक घ्यावे.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एक तरुण ग्राहक वडिलांचे जुने, चावीचे, ३४ मिमीचे घड्याळ घेऊन आले होते. घालायची फार इच्छा, पण ‘फारच लहान दिसते’ म्हणून ते कपाटातच राहिले होते. घड्याळाला नंतर कधीतरी बसवलेली रुंद, जड स्टीलची चेन होती आणि तिच्यापुढे ते बिचारे बटणाएवढे दिसत होते. आम्ही चेन काढली, काचेवरचे ओरखडे घासून घालवले आणि १८ मिमी रुंदीचा, बक्कलाकडे निमुळता होणारा पातळ तपकिरी चामड्याचा पट्टा लावला. त्यांनी आरशात हात पाहिला, मग बाही खाली ओढून पुन्हा वर केली आणि घड्याळ हातावर ठेवूनच गेले. केस तीच होती, व्यासही तोच. लहान घड्याळाला जाड पट्टा किंवा जड चेन लावू नका. मोठ्या घड्याळाला तसेच अगदी नाजूक पट्टा लावू नका. सगळे वजन वर राहते आणि घड्याळ फिरून मनगटाच्या बाजूला जाते.

मोठे कुणी घ्यावे?

ज्याला आवडते त्याने. मोठे घड्याळ घालणारा मिरवतो आणि लहान घालणारा साधा, असे शिक्के आम्हाला पटत नाहीत. कुणाला मनगटावर वजन जाणवले की बरे वाटते, तर कुणाला घड्याळ घातल्याचा विसर पडायला हवा असतो. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून चालू आहे. ते साडेआठ मिलिमीटर जाड आणि २१ ग्रॅम वजनाचे आहे. झोपेतही टोचत नाही. दिवसभर कळफलकावर काम करणाऱ्यांना आम्ही पातळच सुचवतो. मोठे हवे पण वजन नको असेल तर टायटॅनियमचे पाहा, ते तेवढ्याच आकाराच्या स्टीलपेक्षा सुमारे ४० टक्के हलके असते.

‘चाळिशी लागली, आता मोठे घड्याळच हवे’ असेही पुष्कळजण म्हणतात. इथे जरा थांबा. मागे एक काका याच कारणासाठी ४२ चे घ्यायला आले होते. त्यांनी निवडलेल्या घड्याळाची तबकडी चकचकीत रुपेरी होती आणि काटेही रुपेरी होते. चष्मा काढून वेळ सांगा म्हटल्यावर ते अडखळले. मग ३७ चे दिले: पांढरी तबकडी, काळे रुंद काटे, ठळक आकडे. हात लांब धरूनही त्यांनी मिनिटासकट वेळ सांगितली. वेळ दिसते ती काटे आणि तबकडी यांच्या रंगांतल्या फरकामुळे. व्यासाचा वाटा त्यानंतरचा. तारखेची खिडकी मात्र मोठ्या घड्याळात किंवा भिंग असलेल्या काचेखालीच नीट वाचता येते.

स्मार्टवॉचचा आकडा वेगळा वाचावा लागतो. त्यातल्या चौकोनी घड्याळांवर बहुधा केसची उभी उंची लिहिलेली असते. ॲपल वॉच २०१५ मध्ये ३८ आणि ४२ अशा मापांत आले ते याच हिशेबाने. गोल ४२ चा अंदाज त्याला लावू नका. शिवाय मागचा सेन्सर त्वचेला टेकला तरच नाडीची नोंद नीट होते, म्हणून कानांजवळ फट राहणारे मोठे माप इथे दुहेरी नुकसानीचे.

घालून कसे पाहावे

हातावरच्या घड्याळाचा मोबाइलवर जवळून फोटो काढून निर्णय घेऊ नका. जवळची वस्तू कॅमेऱ्यात फुगून येते आणि ३८ चे घड्याळ थाळीएवढे दिसते. चार पावले मागे उभे राहून आरशात पाहा, लोकांना ते तसेच दिसणार आहे. चेन असेल तर आधी आमच्याकडून जादा कड्या काढून घ्या. सैल चेनवर कुठलेही घड्याळ मोठेच वाटते. मग हात मागे वाकवा, जसा टेबलावर रेलून उठताना वाकतो. चावी हाताच्या पाठीत रुतली तर महिन्याभरात तिथे लाल वण दिसेल. दोन ओळी लिहून पाहा, बाही ओढून पाहा. हे सगळे करायला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ आमच्या माणसाने घाई केली तर आम्हाला सांगा.

उन्हातून आल्यावर आणि संध्याकाळी मनगट किंचित फुगते. सकाळी चपखल बसलेला पट्टा तेव्हा काचतो, म्हणून करंगळीचे टोक आत जाईल एवढी ढील ठेवा. केसखालून जाणारा एकसंध कापडी पट्टा निवडलात तर घड्याळ दोनेक मिलिमीटर वर उचलले जाते हेही लक्षात असू द्या. आधीच जाड असलेल्या घड्याळाला तो नको.

कुणाला भेट द्यायचे असेल तर

न सांगता मनगट मोजता येत नाही, ही अडचण खरी आहे. त्या व्यक्तीच्या रोजच्या घड्याळाचा पट्टा पाहा. बक्कल कोणत्या भोकात अडकवले जाते तिथे चामड्याला घडी पडलेली असते. बक्कलाच्या बाजूपासून किती भोक सोडून ती घडी आहे ते मोजून या, आणि जमल्यास त्या घड्याळाशेजारी फुलपट्टी ठेवून अगदी वरून एक फोटो काढा. आता लांबून काढलात तरी चालेल, फुलपट्टी सोबत आहे. एकाच बाजूच्या दोन कानांमधली, म्हणजे पट्टा बसतो ती, जागा किती मिलिमीटर आहे तेही त्यातच दिसते, आणि तेवढ्यावरून आम्ही पट्ट्यासकट बऱ्यापैकी नेमके माप काढून देतो.