आजचा एक्यूआय की वर्षभराची हवा? पुण्यात कॉलेज निवडताना

प्रवेशाचे दिवस आले की लातूर, नांदेड, सांगलीकडून पालक मुलांना घेऊन पुण्यात येतात. एका दिवसात दोन-तीन कॉलेजं, हॉस्टेल, मेस बघायची आणि रात्रीच्या गाडीने परत. घरात कुणाला दमा असेल तर कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मोबाइलवर हवेचा आकडाही बघितला जातो. ही सवय चांगलीच आहे. पण जुलैत तिथे ४० दिसतं, शेजारी हिरवा रंग असतो आणि ‘इथली हवा छान आहे’ असं ठरवून माणसं पुढच्या चौकशीला लागतात. तो आकडा फक्त त्या दिवसाचा असतो. मुलगा किंवा मुलगी तिथे चार वर्षं राहणार असते.

एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. आपल्याकडे तो २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषकं धरली आहेत. जेवढ्यांची मोजणी उपलब्ध असेल त्या प्रत्येकाचा वेगळा गुण काढतात आणि सर्वांत वाईट गुण हाच त्या ठिकाणचा एक्यूआय ठरतो. धूलिकणांसाठी मागच्या २४ तासांची सरासरी घेतात. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. आज संध्याकाळी मैदानावर जायचं का, दम्याचा पंप जवळ ठेवायचा का, एवढ्यापुरता तो फार उपयोगी आहे.

पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ही वेगळी गोष्ट. फुप्फुसात खोलवर पोचणारे हे बारीक कण एक घनमीटर हवेत वर्षभरात सरासरी किती मायक्रोग्रॅम होते, ते ती सांगते. इथे गुण नाही, थेट मोजमाप आहे. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली पातळी ५ आहे. म्हणजे एक्यूआय ४० असेल तर दिवस स्वच्छ. वार्षिक सरासरी ४० असेल तर ती जागा आपल्या मर्यादेच्या काठावर आणि जागतिक पातळीच्या आठपट. आकडा तोच, अर्थ जवळजवळ उलटा.

पुण्यात ही गल्लत जास्त नडते, आणि त्याचं कारण पाऊस. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, चालू असतात तेव्हा अरबी समुद्रावरून सतत वारा येत असतो, सरी धूळ खाली बसवतात आणि शहराची हवा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत असते. नोव्हेंबरपासून चित्र पालटतं. वारा मंदावतो. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो. डोंगरांनी वेढलेल्या या खोलगट शहरात गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, पेटवलेला कचरा, शेकोट्या हे सगळं खालीच अडकतं. सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत ते हलत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असताना मेमधल्या पाणीकपातीचा अंदाज बांधावा, तसं जुलैत हवा तपासणं आहे.

आता वार्षिक सरासरीवर तरी डोळे मिटून विसंबावं का? नाही. समजा एखाद्या ठिकाणी आठ महिने पीएम २.५ ची पातळी २५ राहिली आणि थंडीचे चार महिने ७०. सरासरी येते बरोबर ४०, कागदावर सगळं नियमात. पण २४ तासांची भारतीय मर्यादा ६० आहे, म्हणजे ते चार महिने ती ओलांडलेलीच. शिवाय विद्यार्थ्याचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावी जातो, थंडीत मात्र हमखास पुण्यात असतो. परीक्षा, गॅदरिंग, क्रीडास्पर्धा याच काळात येतात, आणि धावण्याचा सराव तर पहाटे, जेव्हा हवा सर्वांत कोंडलेली असते. म्हणून माझं ठाम मत आहे: वार्षिक सरासरी बघा, पण तिच्यासोबत नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे वेगळे काढून बघाच.

हे आकडे हवा मोजणाऱ्या कुठल्या केंद्राचे, हेही महत्त्वाचं. ‘पुण्याचा एक्यूआय’ म्हणून जो छापून येतो तो अनेक केंद्रांचा मिळून असतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही हवा मोजणारी यंत्रणा २०१३ पासून पुण्यात आहे. पाषाण, शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी अशा ठिकाणी केंद्रं आहेत. कॉलेजच्या सर्वांत जवळचं केंद्र धरा. तरीही केंद्राला रस्त्याकडेची खोली दिसत नाही. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्येच झपाट्याने विरळ होतो. विद्यापीठाच्या ४०० हून जास्त एकरांच्या आवारात, झाडांमध्ये आत घेतलेला श्वास आणि बाहेर विद्यापीठ चौकात सिग्नलला घेतलेला श्वास एक नाही. बायपासला लागून हॉस्टेल असेल तर मागच्या बाजूची खोली मागण्यात संकोच कसला?

मोबाइलवरच्या ॲपचीही एक अडचण आहे. काही ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ ची पातळी ५५ असेल तर भारतीय एक्यूआय ९२ च्या आसपास, ‘समाधानकारक’. अमेरिकी पट्टीवर तोच दीडशेच्या घरात. दोन कॉलेजांचे आकडे दोन ॲपमधून घेऊन तुलना करू नका.

शाखा, कटऑफ, फी हे आधी येणारच, आणि यायलाच हवं. पण दोन कॉलेजं बाकी सगळ्यात बरोबरीची असतील तर हवेने निवड ठरवावी. दमा असलेल्या मुलासाठी तर तिला याहून जास्त वजन द्या आणि त्याच्या डॉक्टरांना ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रवार जुने आकडे मोफत मिळतात. मागच्या दोन-तीन हिवाळ्यांचे उतरवून घ्या, आणि कॅम्पस बघायला जाल तेव्हा तिथल्या सीनियर मुलांना विचारा, डिसेंबरात सकाळी खिडकी उघडता येते का.