दृष्टिविज्ञानातल्या नवख्या संशोधकांचं प्रशिक्षण

डोळ्यात उजेड शिरतो इथपासून 'अरे ही तर आपली बस' इथपर्यंत नेमकं काय घडतं याचा अभ्यास म्हणजे दृष्टिविज्ञान. त्यात नव्याने आलेल्यांना, म्हणजे पीएचडीची मुलं, पोस्टडॉक, ऑप्टोमेट्री करून रिसर्चकडे वळलेले वगैरे, कसं तयार करतात त्याची ही नोंद. लोक सायकॉलॉजी, फिजिक्स, इंजिनियरिंग कुठूनही येतात, त्यामुळे प्रत्येकाचं काही ना काही कच्चं असतंच, कुणाला कोडिंग जमत नाही तर कुणाला समोर बसलेल्या माणसाशी धड बोलता येत नाही.

सायकोफिजिक्सच्या लॅबमध्ये सुरुवात बहुतेक वेळा अंधाऱ्या खोलीत होते आणि पहिला सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो माणूस, आपण स्वतःच असतो. ही सायकोफिजिक्स म्हणजे बाहेरची उद्दीपनं आणि मनातला अनुभव यांचं नातं मोजायची पद्धत, जर्मन शास्त्रज्ञ फेख्नरने १८६० च्या ग्रंथात मांडलेली. स्वतःवर प्रयोग करणं यात कमीपणाचं अजिबात नाही. हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांचा १९४२ चा गाजलेला पेपर घ्या, त्यातले मुख्य निरीक्षक हे तिघंच होते, आधी अर्धा तास अंधारात बसून मग अगदी पुसट चमक दिसली का नाही ते सांगत राहायचं. बुबुळापाशी ५४ ते १४८ फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, पोचले तर चमक दिसते, आणि त्यातले जेमतेम ५ ते १४ रॉड पेशी, म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी, शोषतात असा त्यांचा हिशोब निघाला. माझ्या मते नवख्याने हा पेपर वाचलाच पाहिजे आणि स्वतःही तसं बसलं पाहिजे, कारण दोन तास अंधारात बसून बटण दाबल्याशिवाय सब्जेक्ट का कंटाळतो, पापणी लवली की ट्रायल, म्हणजे प्रयोगातली एक फेरी, कशी वाया जाते, हे कळत नाही.

मग येतो सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात गरजेचा भाग, कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण खरोखर काय दाखवतंय ते मोजून जुळवून घेणं. कोडमध्ये ० ते २५५ मधला १२८ टाकला की स्क्रीन अर्धी उजळ होते असं सगळ्यांनाच वाटतं, पण साध्या मॉनिटरचा गॅमा, म्हणजे कोडमधला आकडा आणि निघणारा उजेड यांच्या नात्यातला घातांक, २.२ च्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्यक्षात उजेड पूर्णच्या पाचव्या हिश्श्याच्या जरा वर निघतो, आणि फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, लावून हे दुरुस्त केलं नाही तर कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजेड-अंधारातल्या फरकाचे, सगळे आकडे बोगस. अंतराचंही तसंच. स्क्रीनपासून ५७ सेंटीमीटरवर बसलं की स्क्रीनवरचा १ सेंटीमीटर डोळ्यापाशी साधारण १ अंशाचा कोन करतो, म्हणून कित्येक लॅबमध्ये हनुवटी टेकायचा स्टँड बरोबर तिथेच ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरसाठी ब्रेनर्ड आणि पेली यांनी १९९७ मध्ये पेपर लिहून मांडलेला सायकटूलबॉक्स आणि नंतर आलेला पायथनवरचा सायकोपाय हे दोन जास्त चालतात.

थ्रेशोल्ड, म्हणजे गोष्ट जेमतेम दिसते ती पातळी, काढायला स्टेअरकेस नावाची पद्धत शिकवतात: लागोपाठ दोन बरोबर उत्तरं आली की काम अवघड, एक चुकलं की सोपं, आणि हे साधारण ७०.७ टक्के बरोबर या पातळीवर येऊन स्थिरावतं. का स्थिरावतं ते स्वतः कागदावर काढायचं, नुसतं रट्टा मारून चालत नाही.

मेंदूच्या पेशींवर काम करणाऱ्यांचं शिक्षण वेगळं, आणि त्यात नशीबही लागतं. १९५८ मध्ये मज्जासंस्थेचा अभ्यासक कुफ्लरच्या लॅबमध्ये तरुण संशोधक ह्यूबेल आणि वीझेल मांजराच्या मेंदूतल्या पेशीला काचेच्या स्लाइडवरचा काळा ठिपका दाखवत होते, पेशी गप्प, आणि स्लाइड सरकवताना तिच्या कडेच्या सावलीची रेघ मांजराच्या डोळ्यातल्या पडद्यावरून गेली तशी पेशी तडतडायला, म्हणजे भराभर सिग्नल सोडायला, लागली. १९८१ चं नोबेल त्याच धाग्यातून आलं. आता ठिपक्याऐवजी कडेवर लक्ष जायला काय शिकवावं लागतं, हे कोणत्याही सिलॅबसमध्ये नाही.

भारतात बरंचसं काम डोळ्यांच्या हॉस्पिटलांशी जोडलेलं आहे, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे क्लिनिक आणि रिसर्च एकाच छपराखाली. एमआयटीच्या पवन सिन्हांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांचं उशिरा ऑपरेशन होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच मुलांची चाचणी ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत घेतली, हाताने चाचपलेली वस्तू लगेच नजरेने ओळखता येते का हे बघायला. लगेच येत नाही, पण काही दिवसांत जमायला लागतं. अशा ठिकाणी नवख्याला आकडेमोडीपेक्षा वेगळंच शिकावं लागतं: पट्टी नुकतीच निघालेल्या, बावरलेल्या पोराशी कसं बोलायचं, आईवडिलांची संमती त्यांच्या भाषेत कशी घ्यायची, आणि पोर दमलं की सरळ थांबायचं, डेटा अर्धा राहिला तरी.