सक्युलंटची हिवाळी लाली (इंदूर)

मांसल, पाणी साठवणाऱ्या पानांच्या काही झाडांची (सक्युलंटची) टोके आणि कडा थंडीत लाल, गुलाबी किंवा नारिंगी होतात. ही लाली मुद्दाम आणण्यासाठी दिवाळीनंतर पाणी व खत आखडते घेऊन, कुंड्या उघड्या उन्हात ठेवून जी जोपासना केली जाते, तिची ही नोंद. इंदूरच्या मराठी घरांना मांसल पाने नवी नाहीत. वाड्यांच्या अंगणात कोरफड आणि पानफुटी असायचीच, एक भाजल्यावर लावायला आणि दुसरी मुतखड्यावरचा घरगुती उपाय म्हणून. अंगणे गेली, गच्च्या आणि गॅलऱ्या राहिल्या, आणि तिथे रंगासाठी ठेवलेल्या छोट्या कुंड्यांनी जागा घेतली.

लाली येते कशी : थंडीत आकाश निरभ्र असते, ऊन पानावर पडतच राहते, पण साखर बनवण्याची पानातली रासायनिक कामे गारठ्याने मंदावतात. घेतलेला सगळा प्रकाश खर्ची पडत नाही आणि उरलेला प्रकाश हरितद्रव्याच्या यंत्रणेला इजा करू शकतो. अशा वेळी पानाच्या वरच्या थरांतील पेशींत अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य तयार होते आणि काही प्रकाश वरच्यावर अडवते. वाढ थांबल्यामुळे पानात साचलेली साखरही हे द्रव्य बनायला चालना देते. म्हणून नुसती थंडी पुरत नाही. सावलीतल्या कुंडीला जानेवारीतही रंग चढत नाही.

हे सेडम या बारीक पानांच्या सक्युलंटच्या डहाळीवर चांगले दिसते. पान घेवड्याच्या दाण्याएवढे; त्याची उन्हाकडची बाजू आणि टोक तांबडे, देठाजवळचा भाग हिरवा. वरच्या पानाची सावली रोज जिथे पडते तिथे त्या सावलीच्या आकाराचा हिरवा डाग राहतो. कुंडी अर्धी फिरवून ठेवली की काही आठवड्यांत रंगाची बाजू बदलते.

सगळ्या झाडांचे तांबडे द्रव्य मात्र एक नाही. सेडम, एचेवेरिया, क्रासुला, कलांचो ही एकाच कुळातली झाडे अँथोसायनिनने लाल होतात. निवडुंग आणि पोर्चुलाकेरिया यांच्या गटात त्याऐवजी बीटालेन हे वेगळे रंगद्रव्य असते. कोरफडीच्या वर्गात उन्हाने येणारा तांबूसपणा ऱ्होडोझँथिन या कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराच्या रंगाच्या गटातल्या द्रव्याचा, असतो. कुंडीतली कोरफड एकाएकी तपकिरी-लाल झाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. थोडी सावली मिळाली की ती पुन्हा हिरवी होते.

या झाडांचे दुसरे वैशिष्ट्य रात्रीचे आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, उघडतात. ही रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. त्यामुळे पाण्याची बचत होते. याची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते, हे येथे काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने चाखून पाहिले. त्याचे पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. पानफुटी घरात असेल तर हा प्रयोग कोणालाही करता येतो. या व्यवहाराला रात्र गार लागते. 'शब-ए-मालवा' म्हणून मालव्याच्या रात्रीचे कौतुक आहे, ते या झाडांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरते.

इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. जानेवारीत दुपारी २५-२६ अंश आणि पहाटे १० अंशांच्या आसपास असे तापमान असते. पारा कधीमधी ५ अंशांखालीही उतरतो. दिवस-रात्रीतली ही तफावत आणि कोरडे, लख्ख ऊन ही जोडी लालीला हवी तशीच आहे. वडोदऱ्यात रात्री त्यामानाने उबदार, तेव्हा तिथे रंग फिका आणि उशिरा येतो. ग्वाल्हेरला थंडी जास्त, पण दाट धुक्यामुळे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि पारा शून्याकडे गेला तर पाण्याने भरलेली पाने आतून गोठून काळी पडतात. या तिन्ही शहरांत इंदूरचे पारडे जड आहे, असे म्हणायला हरकत नाही.

झाडांची निवड : सुरुवात पोर्चुलाकेरिया आफ्रापासून करावी. नर्सरीत 'जेड' म्हणून बहुधा हेच मिळते. खरे जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, ज्याच्या जाड पानांना तांबडी किनार येते. दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडची आणि चिवट. क्रासुलाचा 'कॅम्पफायर' हा प्रकार आणि ताटलीएवढ्या पानांचे 'फ्लॅपजॅक' (कलांचो लुसिए) सर्वांत भडक रंगतात. लिपस्टिक लावल्यासारखी टोके असणारे एचेवेरिया आगाव्हॉइडिस मेक्सिकोचे. दिसायला सर्वांत देखणे, पण इंदूरचा मे महिना आणि त्यानंतरचा पाऊस त्याला सोसत नाही, म्हणून नवख्याने त्याच्यावर पैसे घालू नयेत. बाजारात निळे-जांभळे रंग फवारलेले निवडुंगही दिसतात. तो रंग नखाने खरवडला की निघतो, आणि त्याखाली हिरव्या खोडाला प्रकाश मिळत नाही.

जोपासना : पहिला प्रश्न मातीचा. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. कुंडीत ती मुळे कुजवते. जाड वाळू, चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडे कोकोपीट असे निचऱ्याचे मिश्रण घ्यावे. कुंडी मातीचीच, उथळ आणि तळाला भोक असलेली हवी. खताच्या बाबतीत इंदूरकराला थोडा मोह आवरावा लागतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. गहू-कापसाला ती वरदान ठरली, पण रंग हवा असलेल्या सक्युलंटला कंपोस्ट हात राखूनच द्यावे. भरपूर नत्र मिळाले की झाड मऊ, लांबट आणि हिरवेगार होते. मूठभर कुजलेले खत पावसाळा संपताना एकदा द्यावे, पुढे होळीपर्यंत काही नको.

जागा दक्षिणेची निवडावी. कर्कवृत्त उज्जैनजवळून, म्हणजे इंदूरच्या थोडे उत्तरेने जाते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४४ अंशच वर येतो. उत्तरेकडच्या गॅलरीला तेव्हा थेट ऊन नसते. सावलीतली कुंडी एकदम कठड्यावर ठेवली तर मात्र पान भाजते, विशेषतः ऑक्टोबरच्या उन्हात. भाजल्याचा डाग कोरडा, तपकिरी, खवल्यासारखा असतो आणि तो पान गळेपर्यंत जात नाही. लाली सपाट असते आणि परतही जाते. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू ऊन वाढवत न्यावे.

पाणी नोव्हेंबरपासून दहा-पंधरा दिवसांनी, ऊन वर आल्यावर द्यावे; संध्याकाळी देऊ नये. दिवस मोजण्यापेक्षा खालचे पान चिमटीत धरून पाहावे. टणक असेल तर थांबावे, किंचित लवचीक लागले की द्यावे. पानांवर सुरकुत्या येईपर्यंत झाडाला उपाशी ठेवून मिळवलेल्या रंगाला अर्थ नाही. अशा झाडाची बारीक मुळे मरतात आणि पुढचे पाणीच त्याला कुजवते. मावठा (हिवाळ्यातला अवकाळी पाऊस) आला तर कुंड्या आडोशाला घ्याव्यात, कारण त्यामागून बहुधा कडाक्याची थंडी येते. थंडी सरता सरता पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसू लागतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तो पुसून काढावा. एचेवेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी मात्र कीड नसून मेणाचा थर असतो. बोट लागले की तो निघतो आणि त्या पानावर पुन्हा येत नाही.

लाली साधारण मार्गशीर्षात दिसू लागते, संक्रांतीच्या आसपास सर्वांत गडद असते आणि रंगपंचमीच्या गेरपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) बहुतेक झाडे पुन्हा हिरवी होतात. मेमध्ये दुपारची सावली आणि जून ते सप्टेंबर पावसापासून छप्पर, एवढे सांभाळले तर तेच झाड पुढच्या थंडीत पुन्हा रंगते. फांद्या छाटायच्या तर फेब्रुवारी बरा. छाटलेला तुकडा चार-पाच दिवस सावलीत सुकवून मगच लावावा. कलांचोची पाने व फुले गुरे, कुत्री आणि मांजरे यांना विषारी असतात, तेव्हा छाटणीचा कचरा गाईला टाकायच्या पाल्यात मिसळू नये. शेराच्या जातीतले 'स्टिक्स ऑन फायर'ही थंडीत नारिंगी-लाल होते, पण त्याचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. ते छाटताना हातमोजे आणि चष्मा घालावा.