बांधाबांध (घरसामानाची)

बिऱ्हाड हलवताना घरातले सामान वाटेत फुटू, वाकू, सांडू, भिजू किंवा हरवू नये अशा रीतीने गुंडाळणे, भरणे आणि बांधणे, या कामाला बांधाबांध म्हणतात. बोलण्यात आता ‘पॅकिंग’ हाच शब्द रुळला आहे. जुन्या शब्दात दोरी आणि गाठ आहे. पुठ्ठ्याची खोकी घरोघर येण्याआधी बोचकी, गाठोडी, वळकट्या, गोणपाट आणि पत्र्याच्या ट्रंका यांवरच हे काम निभत असे.

महाराष्ट्रात बांधाबांधीला हंगाम असतो. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे बदली झालेली कुटुंबे शक्यतो एप्रिल-मेमध्ये हलतात आणि रेंगाळलेल्यांना पाऊस गाठतो. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचे चक्र निराळे. तेथे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, आणि तो पुढे वाढला नाही की कोणत्याही महिन्यात खोकी शोधण्याची वेळ येते. पितृपक्षात मात्र सहसा कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही.

सामान आपटल्यामुळे फुटते हे खरे, पण कधीही न पडलेल्या खोक्यातूनही फुटके पेले निघतात. ते काम टेम्पोच्या हादऱ्यांचे. खोक्यात बोटभर जागा मोकळी राहिली तरी पेला तासन्‌तास शेजारच्या पेल्यावर आदळत राहतो आणि एखाद्या गतिरोधकावर तडकतो. पितळी समईला पोचे येतात आणि लाकडी चौकटीचे पॉलिश घासून निघते तेही याच कारणाने. बांधाबांधीचे निम्मे कौशल्य पोकळी बुजवण्यात आहे. खोके चिकटपट्टीने बंद करण्याआधी हलवून पाहावे. आत खुळखुळले तर ते अजून भरायचे आहे.

पोकळी बुजवायला पूर्वी पेंढा आणि लाकडाचा भुसा वापरीत. रद्दीचे वर्तमानपत्र आजही टिकून आहे. पांढऱ्या क्रोकरीला आणि चांदीच्या वस्तूंना मात्र त्याची शाई लागते, म्हणून आधी कोऱ्या कागदाचा एक थर द्यावा. घरातले कपडे हे सर्वांत स्वस्त भरण. जुनी सुती लुगडी, चादरी, टॉवेल असेही न्यायचेच असतात, तर ते काचसामानाभोवती का जाऊ नयेत? स्वयंपाकघरात ही युक्ती मुरलेली असते. पातेली उतरंडीने एकात एक घालून मध्ये फडकी ठेवतात. हंडा, कळशी, कुकर यांच्या पोटात वाट्या, चमचे, गाळणी जातात. रिकामा हंडा टेम्पोत चढवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे.

चिनी मातीच्या आणि काचेच्या थाळ्या आडव्या रचू नयेत. आडव्या चळतीत वरच्यांचा सगळा भार खालच्या थाळीच्या मध्यावर येतो. उभ्या, एकेक गुंडाळून, कडेवर ठेवल्या तर हादरा कड सोसते. लोणच्याच्या बरणीचे तोंड प्लास्टिकने झाकून, त्यावर फडके ताणून सुतळीने आवळावे आणि बरणी उभीच न्यावी, शक्यतो कुणाच्या तरी पायाशी. तेल एकदा पाझरले की त्या खोक्यातले काहीच वाचत नाही.

आजच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा मुळात सामानासाठी निघालेला नव्हता. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स याने असा कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला योजला. बुडबुड्यांच्या प्लास्टिकची, म्हणजे बबल रॅपची, गोष्ट याहून गमतीची: १९५७ मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे भिंतीला लावायचा उठावदार कागद करू पाहत होते, तो फसला आणि वेष्टन जन्माला आले. बाजारात खोकी थ्री-प्लाय, फाइव्ह-प्लाय आणि सेव्हन-प्लाय, म्हणजे तीन, पाच आणि सात थरांची अशी मिळतात. कपड्यांना पहिले पुरते, भांड्यांना दुसरे हवे. वाण्याकडून आणलेले जुने खोके चालते, पण ओल लागून कोपरे मऊ पडले असतील तर त्यावर दुसरे खोके चढवू नये.

पुस्तकांबाबत सुशिक्षित घरे हमखास चुकतात. दीड फूट लांब आणि एकेक फूट रुंद-उंच खोके पुस्तकांनी भरले तर वजन सहज २५ किलोंवर जाते. त्याहून मोठे खोके उचलताना तळ सुटतो किंवा हमालाची पाठ धरते. पुस्तकांना लहान खोकी, उशा-गाद्यांना मोठी. टेम्पोत जड सामान खाली आणि चालकाच्या केबिनकडे लावतात.

लोखंडी कपाट रिकामे करून, कुलूप लावून न्यावे. त्याच्या दाराच्या आरशावर चिकटपट्टीची फुली मारतात. तिने आरसा फुटायचा थांबत नाही, फुटलाच तर तुकडे जागच्या जागी राहतात. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांच्या, फर्निचरचे स्क्रू दरवेळी खोलल्याने त्यांची भोके सैल पडतात. दोनतीन बिऱ्हाडांनंतर ते उभे राहीनासे होते. सागवानी पलंगाला ही चिंता नसते, त्याला फक्त जिना अरुंद पडतो. जुन्या चाळींत असे सामान गॅलरीतून दोराने उतरवीत.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा, दार बांधावे आणि तो उभाच न्यावा. आडवा केला तर काँप्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते. म्हणून नव्या घरी पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच तो सुरू करावा. समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राचे पिंप स्प्रिंगांवर लटकते. ते जखडायला कंपनीने दिलेले लांब बोल्ट बहुतेक घरी पहिल्याच आठवड्यात भंगारात गेलेले असतात. इन्व्हर्टरची बॅटरी तिरपी झाली तर आम्ल सांडते. टीव्ही उभाच राहावा, आणि त्याचे मूळ खोके माळ्यावर जपून ठेवणाऱ्याला हसू नये.

बांधाबांधीचे सैनिकी वळण वेगळे आहे. लष्करी कुटुंबांच्या काळ्या पेट्यांवर नाव आणि क्रमांक रंगवलेले असतात, आणि त्या बदलीगणिक पुन्हा वापरल्या जातात. नागरी घरांनी त्यातून क्रमांक आणि यादी एवढे घ्यायला हरकत नाही. खोक्यावर ‘किचन’ लिहून भागत नाही, कारण दहा खोक्यांवर तेच लिहिलेले असते. शिवाय भरपाईचा प्रश्न आला तर यादीच कामी येते. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या १० पटींपर्यंत मर्यादित असते; सामान त्याहून मोलाचे असेल तर किंमत आधी जाहीर करून जादा दर ठरवावा लागतो. दागिने आणि मूळ कागदपत्रे टेम्पोत देऊच नयेत.

पावसाळ्यात खोक्याला आतून प्लास्टिकची पिशवी आणि टेम्पोला वरून ताडपत्री, दोन्ही हवीत.

भरलेला गॅस सिलिंडर सामानात नेत नाहीत. दुसऱ्या गावी जाताना तो रेग्युलेटरसह वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती, घ्यायचे आणि त्यावर तिकडे जोडणी मिळवायची. शेवटची पिशवी मात्र हातात राहते. तिच्यात औषधे, पक्कड, कात्री, चहा-साखर, देव्हाऱ्यातले देव आणि एक पातेले असते. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालण्याची पद्धत आहे, आणि जोडणी यायला वेळ लागणार असेल तर या पिशवीशेजारी शेजाऱ्याची इंडक्शन शेगडीही ठेवावी लागते.